घसरायला कुठे जावे?

यंदाची येळवस मी जनवाड्याला केली. गोव्यातल्या वाचकांना येळवस म्हणजे काय ते आधी सांगायला हवे. मार्गशीर्षातली अमावस्या ती वेळ अमावस्या, आणि बोलीत तिची झाली येळवस. लातूर, धाराशिव, बिदर, कलबुर्गी या पट्ट्यात त्या दिवशी गावे ओस पडतात, कारण सगळा गाव शेतात जेवायला गेलेला असतो. ज्वारीच्या उभ्या पिकात कडब्याची कोपी उभारतात, आत पांडव मांडून पूजा करतात, आणि मग भज्जी, बाजरीचे उंडे, आंबील असा बेत होतो. भज्जी म्हणजे कांदाभजी नव्हे बरे का! हिरव्या शेंगांचे दाणे आणि भाज्या एकत्र शिजवून, पीठ लावून केलेली ती एक दाट भाजी असते. आमच्या खतखत्याची लांबची बहीण म्हणा हवी तर.

जनवाडा हे बिदरहून औरादकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे गाव. घरात मराठी, बाजारात कन्नड आणि म्हाताऱ्यांच्या तोंडी अधूनमधून दखनी उर्दू. माझी थोरली बहीण, आक्का, तिथे दिली आहे. भावोजी नव्वदच्या दशकात फोंड्याकडे एका कारखान्यात नोकरीला होते, तेव्हा सोयरीक जुळली. पुढे त्यांचे वडील वारले आणि शेती बघायला ते परत गेले. आक्काही गेली. बिदरची जमीन पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला बरे वाटले होते, कारण तिथेही आपल्यासारखाच जांभा दगड आहे. म्हटले, चला, दगड तरी ओळखीचा आहे!

तर त्या कोपीत बसून, अंगावर शाल आणि हातात आंबिलीचा पेला घेऊन, आम्ही चर्चा करत होतो ती मात्र बर्फाची. थंडीच्या सुट्टीत डोंगरात जायचे, स्कीइंग करायचे, तर कुठे जायचे? माझी भाची बिदरला कॉलेजात शिकते. तिला स्कीइंग शिकायचे आहे. माझ्या चिरंजीवांना स्नोबोर्ड हवा, कारण मोबाईलवर तोच जास्त चांगला दिसतो. आक्काला बर्फ नुसता हातात घ्यायचा आहे. भावोजींना कुठेच जायचे नाही, पण तुरीचे पैसे आले की देतो म्हणतात. आणि माझ्या टेबलाच्या खणात एलटीसीचा कोरा अर्ज पडून आहे. आम्हा सरकारी कारकुनांना चार वर्षांतून एकदा 'भारतात कुठेही' जाता येते. सरकार भाडे देते. राहणे, जेवणे आणि घसरणे हा ज्याचा त्याचा खर्च.

शेजारच्या शेतातले एक निवृत्त सुभेदार भज्जी घेऊन आले होते. त्यांची नोकरीतली बरीच वर्षे काश्मीरकडे गेलेली. त्यांनी विचारले, "बर्फात जायलाव व्हय? कुठल्या बर्फात?"

मी म्हटले, बर्फ तो बर्फ. त्यात कुठला काय?

ते हसले, आणि त्या हसण्यावरून हा लेख सुचला.

आपल्या भाषेचीच गंमत बघा. मालीमच्या जेटीवर नुस्त्याच्या पेटीत फावड्याने घालतात तो बर्फ, उसाच्या रसात टाकतात तो बर्फ, आणि हिमालयात कापसासारखा पडतो तोही बर्फच. 'हिम' हा शब्द आहे, पण तो आपण हिमालय आणि हिमवृष्टीपुरता शिल्लक ठेवला. ज्या गोष्टीशी रोजचा संबंध नाही तिच्या जाती कशाला मोजायच्या? पावसाचे मात्र आपल्याकडे किती शब्द! रिपरिप, झड, सर, भुरभुर, मुसळधार. सुभेदारांना बर्फाच्या तशा जाती माहीत होत्या. ताजा पडलेला भुसभुशीत, उन्हाने वितळून रात्री पुन्हा गोठलेला काचेसारखा, वाऱ्याने दाबून कडक केलेला, आणि दुपारचा ओला, जड, पायाला चिकटणारा. त्यांच्या मते नवशिक्याला पहिला चालतो, दुसरा हाड मोडतो. गुलमर्गला लष्कराची उंचावरच्या युद्धाचे शिक्षण देणारी शाळा १९४८ पासून आहे. तिथे ते पट्ट्या बांधून चालायला शिकले. पहिले काही दिवस त्यांना फक्त पडायला आणि उठायला शिकवले म्हणे.

'घसरणे' या शब्दाकडेही जरा पाहा. मराठीत पाय घसरला की माणूस बिघडला. जीभ घसरते, भाव घसरतो, परीक्षेतला नंबर घसरतो. घसरण्याला आपल्याकडे चांगला अर्थ आहे तो फक्त लहान मुलांच्या घसरगुंडीत. त्यामुळे चाळिशी उलटलेल्या गोवेकराने पैसे देऊन घसरायला जायचे म्हणजे आधी मनाची तयारी हवी! विनोद सोडा, पण आपण ही गोष्ट खेळ म्हणून घेतच नाही. 'एकदा करून बघू', 'फोटो काढू' म्हणून घेतो. आणि जागा निवडतो तीही फोटोवरून.

मीही तसेच केले होते. २०१५ च्या डिसेंबरात आम्ही दोन्ही कुटुंबे मनालीला गेलो. निवड माझी. आक्का म्हणाली होती, "अरे, तुला कळतं, तू ठरव." मी काय पाहिले? एका जाहिरातीतले चित्र, हॉटेलच्या खिडकीतून दिसणारा डोंगर, आणि 'स्कीइंगसह' हा एक शब्द. एजंटाला आगाऊ पैसे भरले. नाताळची सुट्टी, तीच आम्हाला मोकळी. तिथे पोचलो तेव्हा सोलंगच्या पटांगणात गवत दिसत होते. मग जीपने आणखी वर, रस्त्याच्या कडेला, सावलीत उरलेल्या मळकट बर्फाच्या एका पट्ट्यावर नेले. भाड्याचे ओव्हरऑल, मापात न बसणारे बूट. एका मुलाने हात धरून वीसेक पावले खाली आणले, फोटो काढले, संपले स्कीइंग. आक्का उतरताना घसरली आणि हातावर पडली. "मुरगळला थोडा," म्हणाली. संध्याकाळी हसत जेवली.

या येळवशीला भाचीकडून कळले की हात मुरगळला नव्हता. मनगटाचे हाड मोडले होते. बिदरला गेल्यावर प्लास्टर झाले. आक्का ब्लाउज शिवते, आणि जानेवारी ते मे हा तिचा लग्नसराईचा हंगाम. तो पूर्ण गेला. मला तिने सांगितलेच नाही, कारण ट्रिप मी ठरवली होती आणि मला वाईट वाटले असते. भाची सहज बोलून गेली, "मामा, आईचा हात थंडीत अजून दुखतो." आक्का तिच्यावर डोळे वटारून उठली आणि भांडी गोळा करायला लागली.

मी बराच वेळ काही बोललो नाही. दहा वर्षे मी ती ट्रिप 'तशी बरी झाली' म्हणून सांगत आलो होतो.

म्हणून जरा नीट लिहितो. दोष त्या एजंटाचा होताच, पण माझाही होता. ठिकाण निवडले की काम झाले असे मी समजलो. खरे म्हणजे निवडायच्या गोष्टी वेगळ्याच असतात.

आपल्या देशात बर्फावर घसरायला जाण्याच्या जागा तशा मोजक्या. पहिले नाव गुलमर्गचे. १९२७ साली इंग्रजांनी तिथे स्की क्लब काढला, तेव्हापासूनचा हा इतिहास. आमच्या पिढीला गुलमर्ग माहीत झाले ते 'बॉबी'मुळे. १९७३ च्या त्या सिनेमातली झोपडी अजून 'बॉबी हट' म्हणून दाखवतात. आणि ती बॉबी कोण, तर गोव्याच्या मच्छीमाराची, ब्रागांझाची मुलगी! म्हणजे गुलमर्गशी आपले नाते तसे जुनेच आहे. गाव साधारण २,६५० मीटर उंचीवर. तिथून गंडोला, म्हणजे पाळण्यांची रोपवे, दोन टप्प्यांत जाते. पहिला टप्पा १९९८ मध्ये सुरू झाला. दुसरा २००५ मध्ये, आणि तो अफरवटच्या खांद्यावर सुमारे ३,९५० मीटरपर्यंत नेतो. जगभरचे स्कीवाले येतात ते या वरच्या टप्प्यासाठी, न दाबलेल्या भुसभुशीत बर्फासाठी. पण तो नवशिक्याचा उतार नव्हे. तिथे हिमस्खलनाची भीती खरी आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये तिथे पोलंडचे दोन स्कीवाले स्खलनात गेले, आणि ते काही आपल्यासारखे पहिल्यांदा बर्फ बघणारे नव्हते. नवशिक्याची जागा खाली, गावाच्या कुरणातल्या साध्या उतारावर. ती जागा चांगली आहे, पण जाहिरातीत दिसते ती वरची.

दुसरे औली, उत्तराखंडात जोशीमठच्या वर. समोर नंदादेवी. उतार लांब आणि मोकळा, देवदारांच्या कडेने. २०११ साली दक्षिण आशियाई हिवाळी क्रीडास्पर्धा तिथे झाल्या. गढवाल मंडल विकास निगम तिथे सात आणि चौदा दिवसांचे स्कीइंगचे वर्ग घेत आले आहे. पण २०२३ च्या जानेवारीत जोशीमठात जमीन खचली, घरांना भेगा गेल्या, माणसे घरे सोडून निघाली. जोशीमठ ते औली ही रोपवेही तेव्हा थांबवावी लागली. जिथल्या लोकांच्या पायाखालची जमीन घसरते आहे तिथे आपण हौसेने घसरायला जावे का, हा प्रश्न मला अवघड वाटतो. नाही गेलो तर त्यांचे पोट अडते, आणि गर्दीने गेलो तर डोंगरावरचा भार वाढतो.

तिसरे मनालीजवळचे सोलंग. २०२० साली अटल बोगदा झाल्यापासून पलीकडे लाहौलमध्येही सहज जाता येते. सोलंगला बर्फ नसला तर लोक बोगद्यातून तिकडे धावतात. त्याशिवाय सिमल्याच्या वर नारकंडा, आणि आधीच्या पिढीची कुफरी, जिथे आता बर्फापेक्षा घोडे जास्त.

आणि दुबई! माझा मामेभाऊ तिकडे असतो. तो म्हणतो, "कशाला एवढं फिरताय? मॉलमध्ये या." २००५ पासून तिथे वाळवंटात छपराखाली बर्फाचा उतार आहे, सर्वात लांब वाट चारशे मीटरची. पूर्वी मी या कल्पनेला हसलो असतो. आता नाही. तिथे बर्फ आहे की नाही ही चिंता नाही, उतार सारखा आहे, शिकवणारा आहे. फक्त एलटीसीत दुबई बसत नाही!

मग यातले कुठले? सुभेदारांनी उलट मलाच विचारले, "आधी सांगा, शिकायचं कुणाला हाय?" मी मोजले तर सहा माणसांत शिकायचे होते दोघांनाच. बाकीच्यांना बर्फ बघायचा होता. या दोन निरनिराळ्या सहली आहेत, आणि आपण पैसे वाचवायला त्यांची एक करतो. मग शिकणाऱ्याला वीस मिनिटे मिळतात, आणि नुसते बघणाऱ्याला भरीस घालून उतारावर उभे केले जाते. आक्काचे तेच झाले. तिला घसरायचे नव्हतेच. पॅकेजमध्ये होते म्हणून ती उभी राहिली. पैसे भरलेत ना, मग वाया कशाला घालवायचे, हा आपला मध्यमवर्गीय हिशेब तिच्या हाडावर आला.

आपण गोवेकरांनी तरी हे ओळखायला हवे होते. हाच खेळ आपण आपल्या दारात रोज बघतो. कळंगुटला उतरलेला पाहुणा पॅरासेलिंगचे पैसे भरतो, दोन मिनिटे वर जातो, ओला होऊन खाली येतो, आणि गावी जाऊन 'गोवा केला' म्हणून सांगतो. त्याला मांडवी कळत नाही, आपली जत्रा कळत नाही, पोदेराची सायकल कळत नाही. आपण त्याला हसतो. आणि स्वतः पाहुणे झालो की डोळे मिटून त्याच रांगेत उभे राहतो.

बिदरला हवाई दलाचा तळ आहे. जनवाड्याच्या शेतात बसले की शिकाऊ वैमानिकांची विमाने डोक्यावरून जातात. आम्ही बोलत असतानाही एक गेले आणि बोलणे थांबवावे लागले. भावोजी एवढ्या वेळात पहिल्यांदाच बोलले. म्हणाले, ही पोरेसुद्धा आधी लहान विमानावर शिकतात, मग इथे हॉकवर येतात, मग लढाऊ विमान. थेट कुणी देत नाही. मला हे पटले. मनगट मोडलेल्या बाईचा नवरा हे बोलत होता म्हणून अधिकच पटले.

तेव्हा बर्फात जाऊ इच्छिणाऱ्या माझ्यासारख्यांनी ठिकाणाचे नाव घेण्याआधी काय विचारावे ते मांडतो. मी तज्ज्ञ नाही, फसलेला माणूस आहे. तेवढा अधिकार पुरे.

पहिला प्रश्न दिवसांचा. बर्फावर प्रत्यक्ष किती दिवस मिळणार? स्कीइंगमध्ये पट्ट्यांची टोके जवळ आणून वेग कमी करणे आणि थांबणे, एवढे अंगात यायलाही साधारण तीन-चार दिवस लागतात. स्नोबोर्डवर दोन्ही पाय एकाच फळीला बांधलेले आणि अंग आडवे. सुरुवातीचे दिवस बसण्यात आणि आपटण्यात जातात. स्कीवाल्याचा गुडघा जातो आणि स्नोबोर्डवाल्याचे मनगट, असा साधारण हिशेब आहे. चिरंजीवांना हे सांगितले तेव्हा ते जरा विचारात पडले. या फळीचा जन्मही घरगुतीच. १९६५ च्या नाताळात अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये शर्मन पॉपेन नावाच्या एका बापाने मुलींना खेळायला म्हणून दोन स्की एकत्र जोडल्या. त्यांना खेळ आवडला, आणि १९९८ साली नागानोला स्नोबोर्डिंग थेट ऑलिंपिकमध्ये गेले. त्या मुली मात्र घरामागच्या टेकडीवर खेळत होत्या, वेळेचे भाडे न भरता.

दुसरा प्रश्न शिकवणाऱ्याचा. कोण शिकवणार, आणि एकाच्या हाताखाली किती जण? रस्त्यावर भेटलेला मुलगा उत्तम स्कीइंग करत असेल. बर्फातच वाढलेला असतो तो. पण येणे वेगळे आणि शिकवता येणे वेगळे, हे आम्हा मराठीच्या पदवीधरांना कुणी सांगायला नको. यासाठी आपल्याकडे सरकारी संस्था आहेत, हे मला २०१५ मध्ये ठाऊकच नव्हते. गुलमर्गला केंद्राच्या पर्यटन मंत्रालयाची स्कीइंग आणि गिर्यारोहणाची संस्था आहे. मनालीला १९६१ साली सुरू झालेली संस्था आहे, जिला आता अटलबिहारी वाजपेयींचे नाव आहे. ती सोलंगच्या उतारावर स्कीइंगचे वर्ग घेते. औलीचे निगमाचे वर्ग सांगितलेच. तिथे राहायची सोय साधी, पहाटे उठायचे, शिस्त कडक. हॉटेलची खिडकी नाही. पण रोज बर्फावर उभे करतात.

तिसरा प्रश्न उताराचा. नवशिक्याचा उतार कुठे आहे, किती लांब आहे, आणि वर चढायला दोरी किंवा खुर्ची आहे की पट्ट्या खांद्यावर टाकून चालायचे? समुद्रसपाटीवरून गेलेल्या आपल्या फुप्फुसांना पंचवीसशे मीटरवर चार वेळा चढले की कळते. युरोपात उतारांना रंगांच्या खुणा असतात. हिरवी किंवा निळी सोपी, लाल अवघड, काळी त्याहून अवघड. आपल्याकडे तशा खुणा प्रत्येक ठिकाणी दिसतीलच असे नाही, तेव्हा विचारूनच घ्यावे.

चौथा प्रश्न बर्फाचा, आणि हा आता सर्वात मोठा. आपल्याला सुट्टी मिळते नाताळात. बर्फ आपला नाताळ पाळत नाही. हिमालयातला हिवाळी पाऊस-बर्फ पश्चिमेकडून, भूमध्य समुद्राच्या बाजूने येणाऱ्या वाऱ्यांवर अवलंबून असतो. काश्मिरी लोक कडक थंडीचे चाळीस दिवस, 'चिल्लई कलान', मोजतात तेच २१ डिसेंबरपासून. म्हणजे आपण परतीचे सामान बांधतो तेव्हा त्यांचा हिवाळा सुरू होत असतो. त्यात आता हवामानाचे तंत्र बिघडले आहे. जानेवारी २०२४ मध्ये गुलमर्गसारख्या गुलमर्गला महिनाअखेरपर्यंत कुरण उघडे पडले होते. २०२५ मध्ये खेलो इंडियाच्या तिथल्या हिवाळी स्पर्धा फेब्रुवारीतून मार्चमध्ये ढकलाव्या लागल्या, कारण पुरेसा बर्फच नव्हता. तेव्हा बर्फ नसला तर पैसे परत की दुसरा काही शिकवण्याचा कार्यक्रम, हे लेखी विचारावे. आणि जमत असेल तर डिसेंबरऐवजी जानेवारीचा शेवट किंवा फेब्रुवारी धरावा.

पाचवा प्रश्न कुणी विचारत नाही. हाड मोडले तर जवळचा एक्स-रे कुठे? प्रवासाच्या साध्या विम्यात असे साहसी खेळ बऱ्याचदा धरलेले नसतात. बारीक अक्षरे वाचण्यात आम्ही कारकून तरबेज, पण स्वतःच्या कागदावर आंधळे!

आणि सहावी गोष्ट, जी प्रश्न म्हणून विचारता येत नाही. भाचीच्या मनात गुलमर्ग होते. बर्फाच्या दृष्टीने तिचे बरोबरच होते. पण भावोजींच्या आईने, वय ऐंशीच्या पुढे, कोपीच्या दारातून एवढेच म्हटले, "तिकडं नको गं बाई." २२ एप्रिल २०२५ ला पहलगामच्या बैसरनमध्ये सव्वीस माणसे मारली गेली. त्यात डोंबिवलीची, पुण्याची, पनवेलची आपली मराठी माणसे होती. पर्यटकांना वाचवायला गेलेला एक स्थानिक घोडेवालाही होता. आजी टीव्हीसमोर तीन दिवस बसून होत्या. अशा वेळी शूरपणाची भाषणे करणारे लोक असतात. मला ती जमत नाहीत. गुलमर्गच्या माणसांचा दोष नाही, त्यांची चूल आपल्या जाण्यावर पेटते, हेही मला कळते. पण घरातले एक माणूस आठ दिवस झोपणार नसेल तर ती सुट्टी कसली? सुभेदार तिथे नोकरी केलेले, तेही आजींपुढे गप्प बसले. गुलमर्ग मनातून काढलेले नाही. थोडे पुढे ढकलले आहे.

काहींना वाटेल, एवढा विचार करून खेळायचे तर खेळातली मजा काय राहिली? उठावे आणि जावे. तरुण, सडाफटिंग माणसाला हे ठीक आहे. पण ज्यांच्या घरी तुरीचा भाव बघून सुट्टी ठरते, ज्यांची सुट्टी चार वर्षांतून एकदा येते, त्यांना उठून जाणे महागात पडते. आणि शिकणे हीच मजा असू शकते, हे आपण विसरलो आहोत. २०१८ साली तुर्कस्तानात कांस्यपदक मिळवून आंचल ठाकूर स्कीइंगमध्ये आंतरराष्ट्रीय पदक मिळवणारी पहिली भारतीय ठरली. ती मनालीजवळच्या बुरुआ गावची. २०२२ च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकमध्ये भारताचा एकच खेळाडू होता, आरिफ खान, गुलमर्गच्या पायथ्याच्या टंगमर्गचा. या मुलांच्या दारात उतार होता आणि हातात वर्षे होती. आपल्याकडे दोन्ही नाही. निदान पंधरा दिवस तरी प्रामाणिकपणे द्यावेत.

तर ठरले ते असे. भाची मनालीच्या संस्थेच्या वर्गाला अर्ज करणार. जागा मिळाली तर एकटी जाणार, शिकायला. तिच्या आजीची याला हरकत नाही. चिरंजीव बारावी झाल्यावर, आणि तेही आधी स्की, मग फळी. आम्ही मोठी माणसे भाचीचा वर्ग संपायच्या सुमारास तीन दिवस जाऊ, तिला उतरताना पाहू, सरळ जमिनीवर उभे राहून. आक्का बर्फ हातात घेईल. कुठल्याही उतारावर तिला कुणी उभे करणार नाही, मीसुद्धा नाही.

निघायच्या दिवशी सकाळी मी तिला म्हटले, "आक्का, तू तेव्हा सांगायला हवं होतंस." ती मशीनवर बसली होती. मान वर न करता म्हणाली, "सांगून काय, हात जोडला गेला असता होय? जा आता, गाडी चुकेल." मी तिच्या उजव्या मनगटाकडे पाहिले. काही दिसत नव्हते.

पणजीला आल्यावर एलटीसीचा अर्ज खणातून काढला. 'भेट द्यावयाचे ठिकाण' या रकान्यात 'मनाली' लिहिले आणि टेबलावर सरकवला. आमच्या हेडक्लार्कबाईंची स्मरणशक्ती दांडगी. म्हणाल्या, "पुन्हा मनालीच? एकदा पाहिलंत ना तुम्ही?"

म्हटले, नाही बाई, पाहिले नव्हते. आता पाहायचे आहे.